एका दाताचे ०.४३ सेकंद: ट्रॅक डेच्या व्हिडिओतून लॅप टाइम काढतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातला एक रायडर, त्याची केटीएम आरसी ३९० आणि बाइकचं सगळं बघणारा त्याचा मित्र. दोघं बाइक टेम्पोत चढवून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर दोन दिवसांच्या ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीविना स्वतःची बाइक रेसट्रॅकवर चालवायला, गेले. ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा. सेशन वीस-वीस मिनिटांची. शर्यत नसल्यामुळे ट्रान्सपाँडर (बाइकवर लावायचं, फेरीची वेळ आपोआप नोंदवणारं यंत्र) मिळाले नव्हते, म्हणजे हातात टायमिंग शीट पडणार नव्हती.

पहिल्या दिवशी बाइक कंपनीच्या गिअरिंगवर चालली. रात्री पॅडॉकमध्ये मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती, काढून एक दात जास्त असलेलं बसवलं आणि दुसरा दिवस त्यावर काढला. प्रश्न साधा होता: या एका दाताने लॅप किती कमी झाला?

उत्तर व्हिडिओतून काढायचं ठरलं. पहिल्या दिवशी टाकीवर गोप्रो हिरो १२ लावलेला होता, सेटिंग सेकंदाला ‘६०’ फ्रेमचं, चित्राचं स्थिरीकरण चालू. दुसऱ्या दिवशी गोप्रोची बॅटरी सकाळीच मान टाकून मोकळी झाली. मग मित्राने पिट वॉलपाशी, म्हणजे सुरुवातीच्या रेषेजवळच्या ट्रॅकलगतच्या भिंतीपाशी, उभं राहून फोनवर अख्खं सेशन सलग रेकॉर्ड केलं, सेटिंग ‘३०’. दोन वेगळी यंत्रं, दोन वेगळ्या जागा. इथेच काळजी वाटायला हवी होती.

अडचण

घरी आल्यावर फ्रेम क्रमांक दाखवणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही व्हिडिओ उघडले. सुरुवातीची रेषा ओलांडतानाचा क्रमांक, पुढच्या फेरीत पुन्हा ओलांडतानाचा क्रमांक, वजाबाकी आणि भागाकार.

पहिल्या दिवसाचा सर्वोत्तम लॅप ७६४८ फ्रेमचा होता. ६० ने भागून १२७.४६७ सेकंद, म्हणजे २:०७.४६७. दुसऱ्या दिवसाचा ३८११ फ्रेमचा. ३० ने भागून १२७.०३३. फरक ०.४३४ सेकंद. त्याच संध्याकाळी ग्रुपवर मेसेज गेला, “पॉइंट फोरचा गेन, तोही एका दाताचा!” तेच मॉडेल चालवणाऱ्या तिघांनी आठवड्याभरात तसंच स्प्रॉकेट मागवलं.

शंका काढली ती चौथ्याने. दुसऱ्या दिवसाच्या सेशनमध्ये तो याच्या मागेच होता, आणि त्याच्या स्वतःच्या जीपीएस लॉगरवर ज्या फेऱ्या दोघांनी जवळपास चिकटून मारल्या होत्या त्या १२७.०३ च्या आसपासही नव्हत्या. पुढे-मागे असलेल्या दोन बाइकच्या लॅप टाइममध्ये सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा इकडेतिकडे होऊ शकतो, पण सलग प्रत्येक फेरीत एकाच बाजूला तीन-साडेतीन दशांश नाही.

पर्याय

ट्रॅक डे होऊन गेलेला, त्यामुळे अर्धे पर्याय आपोआप गळाले. ट्रान्सपाँडर आणि त्याचा सिग्नल पकडणारी जमिनीतली तारेची लूप हा सर्वांत चोख मार्ग, मिलिसेकंदापर्यंत मोजणारा; पण तो पुढच्या वेळेसाठी. कॅमेऱ्यातच नोंदलेला जीपीएस डेटा काढता आला असता, पण गोप्रोने हिरो १२ मध्ये जीपीएसच ठेवलेला नाही. हिरो ११ पर्यंत तो होता, हिरो १३ मध्ये परत आला. नेमकं मधलंच मॉडेल यांच्याकडे. चौथ्या रायडरच्या लॉगरवरून अंदाज बांधणं शक्य होतं, पण तो दुसऱ्या बाइकचा डेटा आणि तोही एकाच दिवसाचा.

उरला एक मार्ग: त्याच फाइल पुन्हा उघडायच्या आणि फ्रेम मोजण्याऐवजी प्रत्येक फ्रेमवर लिहिलेली वेळ वाचायची. खर्च शून्य, एका संध्याकाळचं काम. सोबत आणखी एक निर्णय झाला आणि तो महत्त्वाचा ठरला: आकडा काढण्याआधी त्या आकड्यात किती चूक असू शकते ते काढायचं.

एक गोष्ट नशिबाने बरी होती. फोनची मूळ फाइल शाबूत होती. ती व्हॉट्सअॅपवर नेहमीचा व्हिडिओ म्हणून आली असती तर नव्याने दाबून एन्कोड झालेली प्रत मिळाली असती आणि मूळ फ्रेमच्या वेळा तिच्यात टिकल्याच असत्या याची खात्री देता आली नसती. कामाची फाइल केबलने, ड्राइव्हवरून किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच घ्यावी.

काय केलं: आधी घड्याळ

‘६०’ हे सेटिंगचं नाव आहे, वेग नव्हे. खरा वेग ६०००० भागिले १००१, म्हणजे सेकंदाला ५९.९४ फ्रेम. हा १००१ अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या काळातला. रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये लुडबुडू नये म्हणून तेव्हा फ्रेमचा वेग हजारात एकाने कमी केला, आणि ते शेपूट आजच्या कॅमेऱ्यांना अजून चिकटलेलं आहे. एक फ्रेम १६.६६७ नव्हे, १६.६८३ मिलिसेकंदांची. फरक ०.१ टक्का. ऐकायला काहीच नाही, पण ३.७१७ किलोमीटरच्या ट्रॅकवर ०.१ टक्का म्हणजे फेरीमागे पावणेचार मीटर. ७६४८ फ्रेमचे खरे सेकंद १२७.५९४. पहिल्या दिवसाचा लॅप ०.१२७ ने हळू निघाला.

गंमत अशी की इथेच थांबले असते तर फायदा ०.४३ वरून ०.५६ झाला असता आणि सगळे आणखी खूश झाले असते.

फोनचं दुखणं वेगळं. बहुतेक फोन ठरावीक वेगाने रेकॉर्ड करत नाहीत. प्रोसेसर तापला, उजेड कमी झाला, मेमरीत लिहायला उशीर झाला की फोन एखादी फ्रेम गाळतो आणि पुढच्या फ्रेमवर खरी वेळ टाकतो. फाइल प्रामाणिक असते. फ्रेम मोजून ३० ने भागणारा फसतो. एफएफप्रोब या मोफत साधनाने प्रत्येक फ्रेमचा वेळशिक्का यादीत काढला आणि ती यादी स्प्रेडशीटमध्ये घेतली. सेकंदाचे ९०००० भाग पाडलेलं घड्याळ होतं. शेजारच्या दोन फ्रेममध्ये ३००० चं अंतर अपेक्षित, आणि बहुतेक ठिकाणी २९९८, ३०००, ३००३ असंच दिसत होतं. मध्येच ६०००. जिथे ६००० तिथे एक फ्रेम गायब. त्या एका लॅपमध्ये अशा अकरा जागा सापडल्या. भर दुपार, उन्हात धरलेला फोन. आश्चर्य काही नाही.

३८११ अधिक ११, म्हणजे ३८२२ फ्रेमइतका वेळ गेलेला. १२७.४०० सेकंद.

आता फरक राहिला ०.१९४. अर्ध्याहून जास्त फायदा स्प्रॉकेटने नव्हे, भागाकाराने दिलेला होता.

गोप्रोच्या बाबतीत आणखी एक खड्डा होता. लांब रेकॉर्डिंग तो एका फाइलमध्ये ठेवत नाही, तुकडे पाडतो, आणि दुसऱ्या तुकड्याचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. एक फेरी नेमकी जोडावर आलेली. पहिल्या तुकड्याची लांबी म्हणून प्लेअर दाखवतो तो आकडा घेतला तर चूक होते, कारण फाइलची एकूण लांबी कधी आवाजाच्या ट्रॅकवरून ठरते आणि आवाज चित्रापेक्षा थोडा लांब असू शकतो. बरोबर लांबी म्हणजे शेवटच्या चित्र-फ्रेमचा वेळशिक्का अधिक एक फ्रेम. एवढं जपलं की जोडावरची फेरीही वापरता येते.

काय केलं: मग रेषा

घड्याळ सुधारल्यावर दुसरा प्रश्न: रेषा ओलांडली म्हणजे नेमकं कधी?

पिट वॉलवरून घेतलेल्या व्हिडिओत हे सोपं होतं. डांबरावर रंगवलेली पांढरी रेषा दिसत होती, पुढचं टायर दिसत होतं. फोन हातात हलत असला तरी रेषा आणि टायर या दोन्ही खऱ्या वस्तू एकाच चित्रात असल्यामुळे हलण्याने बिघडत नव्हतं. बाइक तिथून साधारण १४५ किमी वेगाने जात होती, म्हणजे सेकंदाला ४०.३ मीटर, म्हणजे ३० च्या वेगाने एका फ्रेममध्ये १.३४ मीटर. आरसी ३९० चा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, तोही सुमारे तेवढाच. त्यामुळे पडद्यावर एक मजेशीर गोष्ट दिसते: या फ्रेममध्ये पुढचं चाक जिथे आहे, पुढच्या फ्रेममध्ये बरोबर तिथे मागचं चाक येऊन बसतं. मोजपट्टी बाइकच्याच अंगावर आहे.

तिचा उपयोग असा केला. एका फ्रेममध्ये पुढचं टायर रेषेच्या सुमारे ४० सेंटिमीटर अलीकडे, पुढच्यात ९४ पलीकडे. एकूण १.३४ मीटरपैकी ०.४० अलीकडे, म्हणजे तीन दशांश फ्रेम, म्हणजे पहिल्या फ्रेमच्या वेळेत १० मिलिसेकंद मिळवायचे. डोळ्याने अंदाज १५–२० सेंटिमीटर चुकला तरी वेळ ५ मिलिसेकंदांपेक्षा चुकत नाही. नुसती ‘जवळची फ्रेम’ धरली तर हीच चूक १७ पर्यंत जाते.

बाइकवरच्या कॅमेऱ्याचं प्रकरण इतकं सरळ नव्हतं. पहिल्या मोजणीत ‘पांढरी रेषा चित्राच्या खालच्या कडेतून बाहेर गेली’ हा क्षण धरला होता. स्थिरीकरण चालू असताना चित्राची कड बाइकला बांधलेली नसते; सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमला मोठ्या चित्रातून थोडा वेगळा तुकडा कापत असतं. कड म्हणजे वाळूवर मारलेली खूण. त्याऐवजी विंडस्क्रीनची वरची कड धरली: पांढरी रेषा स्क्रीनमागे झाकली जाते तो क्षण. स्क्रीन, रेषा आणि कॅमेऱ्याची जागा, तिन्ही खऱ्या वस्तू, त्यामुळे स्थिरीकरणाने कापलेलं चित्र कुठूनही असो, झाकलं जाणं तिथेच होतं.

यातही एक पळवाट राहते. कॅमेरा जमिनीपासून मीटरभर उंच आणि रेषा सहा मीटर पुढे झाकली जात असेल, तर पुढचा काटा (फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन) दोन सेंटिमीटर वर-खाली झाल्यावर ती जागा जमिनीवर साठेक सेंटिमीटर सरकते. १४५ च्या वेगाला १५ मिलिसेकंद. म्हणून तुलना फक्त त्याच फेऱ्यांची केली जिथे रेषेवर थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गिअर तोच होता. आवाजावरून ते कळतं. हनुवटीवर लावलेला कॅमेरा असता तर हा मार्गच बंद होता, कारण रायडर डोकं किती खाली घालतो यावर सगळं अवलंबून.

रेषेसाठी सरळ, वेगवान जागाच का, हेही इथे दिसतं. एक मीटरची चूक १४५ ला २५ मिलिसेकंदांची असते, ५० च्या वेगाच्या वळणावर ७२ ची. ट्रॅकच्या बाजूचा खांब किंवा बोर्ड धरणं त्याहून वाईट. खांब चित्राच्या कडेला साठ अंशांच्या कोनात दिसत असेल आणि रायडर एका फेरीत ट्रॅकच्या डावीकडून, दुसऱ्या फेरीत तीन मीटर उजवीकडून गेला, तर तेवढ्यानेच पावणेदोन मीटरचा फरक पडतो.

फ्रेम मागे-पुढे करायला एमपीव्ही हा प्लेअर वापरला: पूर्णविरामाची कळ एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची एक फ्रेम मागे. व्हीएलसीत पुढे जाता येतं, मागे येण्याची तशी सोय नाही, आणि रेषेवर तर सारखं मागेपुढेच करावं लागतं.

सगळी चूक मिळून एका लॅपला कमी-अधिक ०.०३ सेकंद धरली. दोन लॅपच्या फरकाला ०.०४. म्हणजे ०.१९४ हा फरक वेळ म्हणून खरा होता. तो स्प्रॉकेटमुळे होता का, हा वेगळाच प्रश्न.

निकाल

दोन्ही दिवसांच्या पाच-पाच मोकळ्या फेऱ्या, म्हणजे पुढे कुणी अडवलेलं नाही अशा, मांडल्या.

पहिला दिवस: १२७.५९, १२७.८८, १२७.९७, १२८.०६, १२८.३१.
दुसरा दिवस: १२७.४०, १२७.८३, १२७.९५, १२८.१०, १२८.२२.

मधली फेरी १२७.९७ विरुद्ध १२७.९५. दोन शतांश. आणि रायडरच्या स्वतःच्याच सर्वांत वेगवान आणि सर्वांत हळू फेरीतला फरक पहिल्या दिवशी ०.७२, दुसऱ्या दिवशी ०.८२.

१२७.४० च्या फेरीचं गुपित पिट वॉलच्या व्हिडिओतच होतं. ती फेरी सुरू होताना रेषेवर याच्या पुढे दोन बाइकच्या अंतरावर एक मोठी बाइक दिसते. फेरी संपताना ती बरीच पुढे गेलेली. सरळ रस्त्यावर तिच्या मागची हवा फुकट मिळाली होती. ‘पुढे कुणी अडवलेलं नाही’ ही कसोटी लावताना ‘पुढे कुणी ओढलेलं नाही’ हे तपासायचं राहून गेलं. ती फेरी वगळल्यावर दुसऱ्या दिवसाची सर्वोत्तम १२७.८३ उरते, पहिल्या दिवसापेक्षा हळू.

पुढच्या ट्रॅक डेला मांडणी बदलली. जुनं स्प्रॉकेट, मग नवं, मग पुन्हा जुनं, अशी एकाच दिवसात तीन सेशन, टायरचा दाब दर वेळी बाहेर पडण्याआधी तोच. कॅमेरा एकच. त्याचं अँटी-फ्लिकर (दिव्यांची लुकलुक टाळणारं) सेटिंग ५० हर्ट्झवर ठेवलं. भारतातली वीज तशीही ५० हर्ट्झची, आणि या सेटिंगवर गोप्रो खऱ्या २५, ५०, १०० च्या वेगाने रेकॉर्ड करतो. एक फ्रेम बरोबर २० मिलिसेकंद. १००१ ची कटकट संपली. स्थिरीकरण बंद. सोबत २५ हर्ट्झचा जीपीएस लॉगर.

लॉगर आणि व्हिडिओ यांच्यात सर्वांत मोठा फरक ०.०४ सेकंदांचा आला. लॉगरमधली रेषा नकाशावर बोट ठेवून लावलेली आणि खऱ्या रेषेपासून नऊ मीटर पुढे होती, तरी बिघडलं नाही: प्रत्येक फेरीला तोच उशीर, वजाबाकीत निघून जातो. फक्त रेषेवरचा वेग एका फेरीत १४० आणि दुसरीत १५० असला तर १५ मिलिसेकंद इकडेतिकडे होतात.

इथे सरासरीची एक युक्ती वापरली. रेषा ओलांडण्याचा क्षण २० मिलिसेकंद उशिरा नोंदला, तर एक फेरी तेवढी लांबते आणि पुढची तेवढीच आखूड होते. म्हणून सलग पाच फेऱ्यांची सरासरी काढायला मधल्या खुणा लागतच नाहीत. शेवटची वेळ वजा पहिली, भागिले पाच. चूकही पाचाने भागली जाते. जुनं १२७.६२, नवं १२७.५५, पुन्हा जुनं १२७.७१. नव्याचा फायदा दिसतो तो ०.११ च्या आसपास, पण जुन्या-जुन्यातच ०.०९ चा फरक आहे. एवढ्यावर ‘दाताने वेळ कमी होतो’ म्हणता येत नाही. ‘होत नाही’ असंही म्हणता येत नाही.

ग्रुपवर दुरुस्तीचा मेसेज गेला. मागवलेल्या तिघांपैकी दोघांनी स्प्रॉकेट परत केलं, एकाचं बसवून झालं होतं.

निर्णयाच्या जागा

दुसऱ्या दिवशी गोप्रो बंद पडल्यावर फोन उचलणं चूक नव्हतं. काहीच नसण्यापेक्षा ते बरं. चूक होती ती दोन यंत्रांचे आकडे त्यांची परीक्षा न घेता शेजारी मांडण्यात. परीक्षा सोपी होती: दोन्ही कॅमेऱ्यांसमोर दुसऱ्या फोनवरचं स्टॉपवॉच दोन मिनिटं चालवायचं आणि त्यात किती फ्रेम आल्या ते बघायचं. ५९.९४ आणि गळालेल्या फ्रेम दोन्ही तिथेच उघडे पडले असते.

दुसरी जागा रात्रीची. स्प्रॉकेट बदलताना टायरचा दाबही दोन पीएसआय कमी केला होता आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. पुढच्या ट्रॅक डेआधी बोलता बोलता आठवलं. त्या रात्री एकच गोष्ट बदलली असती किंवा वहीत एक ओळ लिहिली असती, तर पहिल्या दोन दिवसांचा डेटा इतका कुचकामी ठरला नसता.

तिसरी, सर्वोत्तम फेरी निवडण्याची. एकटी फेरी बढाई मारायला चांगली; तुलनेला पाच लागतात आणि त्या पाच कशा निवडल्या ते आधी ठरलेलं हवं.

आणि एक वाट जी बरीच नंतर सापडली. तीच वेळयादी वापरून फेरीचे तीन तुकडे पाडले, खुणा म्हणून कर्बच्या (वळणाच्या कडेच्या रंगीत पट्ट्याच्या) रंगाची टोकं धरून. फेऱ्यांमधल्या ०.७२ च्या फरकातला निम्म्याहून जास्त भाग मधल्या तुकड्यात, मंद वळणांच्या ओळीत निघाला. आकडे पहिल्या दिवसाच्या व्हिडिओतही होते. तिथे बघायला हवं होतं ते दातांकडे नव्हे, उजव्या हाताच्या ब्रेक लिव्हरकडे: एकाच वळणाला पाच फेऱ्यांत ब्रेक मारण्याची जागा साधारण बारा मीटरच्या पट्ट्यात विखुरलेली.